विश्लेषण : टीव्हीवरील गाण्यावरून घरात एकमत का होत नाही? आजोबा, आई आणि नातवंडे नेमके काय ऐकतात?

रात्री टीव्हीवर गाण्याची स्पर्धा सुरू होते. आजोबा दोन ओळी ऐकून म्हणतात, मूळ गाण्याची सर नाही. आईला गाण्यापेक्षा गाणाऱ्या मुलीची काळजी. ती पुढच्या फेरीत जाईल ना? नातवंडांनी त्याच गाण्याची छोटी क्लिप मोबाइलवर आधीच पाहिलेली असते. जालना शहरातल्या वसाहती असोत की अंबड, घनसावंगी, मंठा तालुक्यांतली गावे, हे दृश्य अनेक घरांत ओळखीचे आहे. वरवर हा आवडीनिवडीचा वाद वाटतो. पण कोणाचे मत मोजले जाते, कोणती गाणी पडद्यावर येतात आणि गाणाऱ्या मुलांच्या वाट्याला काय येते, हे प्रश्न याच वादाशी जोडलेले आहेत.

वाद नेमका कशावरून?

एकाच कार्यक्रमाकडे तीन पिढ्या तीन वेगळ्या मापांनी पाहतात. साठी ओलांडलेला प्रेक्षक गाणे मोजतो. चाल तीच आहे का, शब्द स्वच्छ आले का, मूळ गायकाने घेतलेली जागा नीट घेतली का, हे त्याचे निकष. चाळिशीच्या आसपासचा प्रेक्षक स्पर्धक मोजतो. तो कोठून आला, घरची परिस्थिती काय, मागच्या आठवड्यापेक्षा सुधारला का, याकडे त्याचे लक्ष असते. विशीतला प्रेक्षक क्षण मोजतो. एखादी तान, एखादा ठेका, एखादी मजेशीर प्रतिक्रिया आवडली की ती पुढे पाठवायची आणि पुढच्या व्हिडीओकडे वळायचे.

त्यामुळे ‘आज कोण चांगले गायले’ या प्रश्नाला तीन उत्तरे येतात आणि आपापल्या मापाने तिन्ही बरोबर असतात. अर्थात वयावरून माप ठरतेच असे नाही. जुन्या गाण्यांचे वेड असलेले महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत आणि दिवसभर क्लिप पाहणारे आजोबाही आहेत. तरीही ही मापे कशी घडली हे पाहिले, तर घरातला वाद बराचसा उलगडतो.

ज्येष्ठांचे कान कसे घडले?

या पिढीने गाणे प्रथम ऐकले ते रेडिओवर. मराठवाड्यात परभणी आकाशवाणी, विविध भारती आणि रेडिओ सिलोन ही त्यांची ठिकाणे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, मात्र ग्रामीण महाराष्ट्रात टीव्ही खऱ्या अर्थाने पसरला तो ऐंशीच्या दशकात. ‘छायागीत’, ‘चित्रहार’, ‘शब्दांच्या पलीकडले’ असे मोजके कार्यक्रम होते आणि गल्लीत टीव्हीही मोजकेच होते. गाणे चुकले, तर आठवडाभर थांबावे लागे.

अशा काळात एका गाण्याचे एकच रूप कानात पक्के बसत असे. तेच ध्वनिमुद्रण शेकडो वेळा ऐकल्याने त्यातले वाद्यमेळाचे तुकडेही पाठ होत. गायकाचे नाव सांगताना गीतकार आणि संगीतकाराचे नावही सांगितले जाई, कारण निवेदक ते सांगत असे. टीव्हीवरच्या स्पर्धेत नेमके हेच गाळले जाते, ही ज्येष्ठांची नेहमीची तक्रार. ‘अमुक चित्रपटातले गाणे’ एवढीच ओळख होते आणि ते कोणी लिहिले, कोणी बांधले, याचा उल्लेख कधी होतो, कधी राहून जातो.

दुसरा संस्कार प्रत्यक्ष ऐकण्याचा. गावोगावचे हरिनाम सप्ताह, भजनी मंडळे, कीर्तन, गोंधळ, एकनाथांची भारुडे, उरुसातली कव्वाली आणि अंबडला दत्तजयंतीच्या निमित्ताने रंगणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या मैफली. या ठिकाणी गायक चार हातांवर बसलेला असतो. तो दमला, तर ते दिसते. रंगला, तर रात्र सरते. तिथे गुण नसतात आणि बाद होणेही नसते.

मधल्या पिढीला स्पर्धकांचा लळा का लागला?

आज चाळिशीत असलेल्यांच्या तरुणपणी उपग्रह वाहिन्या आल्या. झी टीव्हीवर १९९५ मध्ये ‘सा रे ग म’ सुरू झाले, सूत्रसंचालक होता सोनू निगम. श्रेया घोषाल याच मंचावरून पुढे आली. १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी सुरू झाल्यावर मराठी गाण्याला हक्काचा पडदा मिळाला. मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडल’ झाला, तेव्हा विजेता ठरवण्यात प्रेक्षकांच्या एसएमएसचा वाटा होता. ऐकणारा आता मतदारही झाला.

मराठी घरांत याचा कळस झाला तो झी मराठीच्या ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ या २००८-०९ च्या पर्वात. पल्लवी जोशी यांचे सूत्रसंचालन, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे परीक्षक. गुणांऐवजी सरगमचे सूर देण्याच्या पद्धतीमुळे कधी संगीत न शिकलेले प्रेक्षकही ‘ध’ मिळाला की ‘नी’ यावर बोलू लागले. अंतिम टप्प्यातले पाच जण पाच ठिकाणचे होते : आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत.

मराठवाड्यातल्या प्रेक्षकांसाठी रोहित हा ‘आपला’ होता. आपल्याकडच्या एका मुलाला सारा महाराष्ट्र ऐकतो आहे, ही भावना गाण्याइतकीच मोठी होती. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजयी झाली, तेव्हा शास्त्रीय तयारीला मान मिळायला हवा होता की भजन-लोकगीताच्या खुल्या आवाजाला, यावर घराघरांत चर्चा झडल्या. या पिढीचा जीव स्पर्धकांत इतका गुंतला, की हेच पाच जण २०२१ च्या पर्वात परीक्षकांच्या जागी बसले आणि डिसेंबर २०२३ मध्ये मुग्धा आणि प्रथमेश यांचा विवाह झाला, तेव्हा अनेकांनी तो घरातल्या कार्यासारखा साजरा केला.

तरुण प्रेक्षक टीव्हीपासून दूर का गेला?

२०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि गाणे पाहण्यासाठी ठरावीक वेळेची गरज संपली. दीड तासाच्या कार्यक्रमातले गाणे पाच मिनिटांचे. बाकी वेळ ओळख, आठवणी, विनोद आणि जाहिराती यांचा. तरुण प्रेक्षक ते पाच मिनिटेच यूट्यूबवर पाहतो. त्यामुळे त्याला संयम नाही, असा शेरा त्याच्या वाट्याला येतो. पण हाच तरुण आवडता गायक असेल, तर तासाभराची मुलाखत किंवा पूर्ण मैफलही मोबाइलवर ऐकतो. ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ चे नाटक २०१५ मध्ये चित्रपट होऊन आले, तेव्हा नाट्यसंगीताकडे वळलेल्यांत तरुण श्रोते मोठ्या संख्येने होते.

त्याची खरी तक्रार वेगळी आहे. स्पर्धांमध्ये पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाणी पुन:पुन्हा गायली जातात. नवे गाणे क्वचित येते. आपल्या बोलीतले, आपल्या वस्तीतले गाणे तर त्याहून कमी. ती भूक मोबाइल भागवतो. जळगाव जिल्ह्यातल्या तांड्यावरून आलेल्या संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ हे गाणे २०२४ मध्ये देशभर वाजले, तेव्हा त्याला कोणत्याही परीक्षकाच्या शिक्क्याची गरज पडली नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांची एकतारीवरची भीमगीते आधी मोबाइलवर घरोघरी पोहोचली, मोठ्या मंचांनी त्यांची दखल नंतर घेतली. पूर्वी टीव्हीने एखाद्याला मोठे केले की लोक त्याला ऐकत. आता लोकांनी ऐकलेल्याला टीव्ही बोलावतो.

‘पूर्वीचे चांगले होते’ ही तक्रार नवी आहे का?

मुळीच नाही. भारतात १९०२ मध्ये व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि तासभर चालणारा ख्याल तबकडीच्या एका बाजूला, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांत बसवावा लागला. आजच्या क्लिपवर घेतला जातो तोच आक्षेप तेव्हा तबकडीवर घेतला गेला. पुढे त्याच तबकड्या जुन्या गायकीचा मौल्यवान ठेवा ठरल्या.

१९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. परदेशी वाद्य, भारतीय श्रुती त्यावर निघत नाहीत, असे कारण होते. ही बंदी काही अंशी उठायला १९७१ उजाडले. तोवर गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी वाजतच राहिली आणि आज तर तिच्याशिवाय भजन ही कल्पनाच करवत नाही.

तिसरे उदाहरण मराठी माणसाचेच. केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी १९५२ नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार केली. श्रोत्यांची अभिरुची उंचावणे हा हेतू होता. श्रोत्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली आणि ‘बिनाका गीतमाला’ लोकप्रिय झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून चित्रपटगीतांना जागा द्यावी लागली. ज्या गाण्यांना तेव्हाच्या ज्येष्ठांनी उथळ ठरवले, तीच आजच्या ज्येष्ठांसाठी सुवर्णकाळाची गाणी आहेत.

मग ज्येष्ठांचे म्हणणे निव्वळ जुन्याची ओढ मानायचे का?

तसेही नाही. त्यांच्या एका आक्षेपात तथ्य आहे, हे २०२१ मध्ये ठळकपणे दिसले. ‘इंडियन आयडल’च्या बाराव्या पर्वात किशोरकुमार विशेष भाग झाला. पाहुणे म्हणून आलेले त्यांचे पुत्र अमितकुमार यांनी नंतर माध्यमांना सांगितले, की स्पर्धकांचे कौतुक करण्यास आपल्याला सांगण्यात आले होते आणि तो भाग आपल्याला आवडला नव्हता. त्यानंतर समाजमाध्यमांवर उठलेल्या वादात ज्येष्ठ आणि तरुण एकाच बाजूला होते. गाणे कसे झाले हे परीक्षक खरे सांगत नसेल, तर परीक्षण कशाला, हा दोघांचाही प्रश्न होता.

आवाजाचेही तसेच. टीव्हीवर ऐकू येणारे गाणे बहुतेक वेळा आधी मुद्रित केलेले आणि नंतर मिश्रण करून सजवलेले असते. सूर दुरुस्त करण्याचे तंत्रही आता सहज उपलब्ध आहे. कोणत्या गाण्यात ते किती वापरले, हे घरबसल्या ओळखण्याचा मार्ग नाही. समोर बसून गाणे ऐकण्याची सवय असलेल्या कानाला हा गुळगुळीतपणा खटकतो. तंबूवाल्या मैफलीत आवाज फुटला, तरी तो गायकाचा असतो, ही त्यामागची भावना.

मत कोणाचे मोजले जाते?

२०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार आहे आणि दर पाचपैकी चार जण ग्रामीण भागात राहतात. त्यांच्या आवडीची नोंद मात्र फार उशिरा होऊ लागली. टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजण्याची जुनी व्यवस्था शहरांपुरती होती. ‘बार्क’ या संस्थेने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण प्रेक्षकांची आकडेवारी देण्यास सुरुवात केली. म्हणजे लिटिल चॅम्प्सच्या त्या गाजलेल्या पर्वात गावातल्या चावडीसमोर पन्नास माणसे बसून कार्यक्रम पाहत असतील, तरी त्यांचे पाहणे हिशेबात नव्हते.

एसएमएसने दिलेल्या मतांचीही तीच गत. मत द्यायला मोबाइल हवा, त्यात बाकी हवी, टीव्ही पाहायला वीज हवी. त्या वर्षांत ग्रामीण मराठवाड्यात रोज कित्येक तास भारनियमन होते. अंतिम फेरी ऐन रंगात असताना वीज गेली, तर निकाल दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातच वाचायचा. शिवाय एका माणसाला अनेक मते देण्याची मुभा असल्याने उत्साही गट आणि पैसा खर्च करू शकणारे समर्थक यांचे वजन वाढे. २००७ च्या ‘इंडियन आयडल’मध्ये दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगच्या मागे सारा डोंगराळ भाग उभा राहिला. प्रादेशिक अस्मिता मतदानात किती ताकदीने उतरते, हे तेव्हा देशाने पाहिले.

आता मतदान ॲपवरून होते. ते तरुणांच्या हाती आहे, तर टीव्हीसमोर सलग बसणारा प्रेक्षक तुलनेने ज्येष्ठ. कार्यक्रमाला दोघेही हवे असतात. म्हणून जुने गाणे, पण नव्या वाद्यमेळात, मधे विनोद आणि शेवटी क्लिप होईल असा क्षण, अशी आखणी होते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘सूर नवा ध्यास नवा’च्या परीक्षकांत शास्त्रीय बाजूचे महेश काळे, लोकप्रिय मराठी संगीताचे अवधूत गुप्ते आणि हिंदी पार्श्वगायनातली शाल्मली खोलगडे असे त्रिकूट होते. एका सोफ्यावर बसलेल्या तीन पिढ्यांना एकेक प्रतिनिधी मिळावा, अशीच ही मांडणी म्हणता येईल.

गाणाऱ्या मुलांसाठी नियम काय?

घरातल्या वादात हा मुद्दा सहसा मागे पडतो. ‘आपली मुलगीही छान गाते, तिलाही पाठवू’ असा विचार गावागावांत होतो. त्या पालकांना नियम माहीत असायला हवेत. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर २०१७ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांनुसार १४ वर्षांखालील बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही. निर्मात्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, मुलाच्या शिक्षणात खंड पडू नये याची व्यवस्था करावी लागते आणि मुलाच्या कमाईतील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घेता येत नाही.

२०१७ मध्ये चित्रपट दिग्दर्शक शूजित सरकार यांनी लहान मुलांच्या रिअॅलिटी शोंवर बंदीची मागणी केली होती. मुलांचे भावविश्व आणि निरागसपणा यांवर या स्पर्धांचा परिणाम होतो, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरी बाजू अशी, की छोट्या गावातल्या मुलाला मोठ्या संगीतकारांसमोर गाण्याची संधी याच मंचाने दिली. रोहित राऊत पुढे हिंदी ‘इंडियन आयडल’च्या अकराव्या पर्वाच्या अंतिम फेरीत पोहोचला. मात्र असे प्रत्येकाच्या बाबतीत घडत नाही. बाद झालेला मुलगा गावी परततो, तेव्हा त्याच्या रियाजाचे काय होते, हे कॅमेरा दाखवत नाही.

जालन्यासारख्या जिल्ह्यापुढे प्रश्न काय?

जालना-मुंबई वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि मुंबई सुमारे सात तासांवर आली. ऑडिशनला जाणे त्यामुळे सोपे झाले. पण गाणे शिकण्याचे ठिकाण तालुक्यात नसेल, तर नुसत्या गाडीने काय साधणार? पालकांनी हाच खर्च आणि हीच ओढ आधी गुरू शोधण्यात घातली, तर ऑडिशन हुकली, तरी गाणे हातात राहते.

दुसरा प्रश्न पडद्यावर न येणाऱ्या गाण्यांचा. भारूड, गोंधळ, भीमगीते, बंजारा लेंगी, कव्वाली हे सारे या जिल्ह्यात जिवंत आहे. टीव्हीवर ते बहुधा ‘लोकसंगीत विशेष’ अशा एखाद्या भागापुरते येते. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण बोलके आहे. गिरण्या आल्या, जाती थांबली आणि ओव्याही थांबल्या. महाराष्ट्रातल्या हजारो बायकांकडून संशोधकांनी त्या वेळीच नोंदवून घेतल्या, म्हणून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आज उपलब्ध आहे.

ते काम करायला तेव्हा टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरावे लागले होते. आज तेच यंत्र नातवाच्या खिशात आहे. आजीला ओव्या येतात आणि आजोबांना गाण्याचा गीतकार, संगीतकार तोंडपाठ आहे. ‘तुमच्या वेळचे गाणे कसे होते’ हे एकदा विचारून मोबाइलवर मुद्रित करून ठेवले, आणि आजोबांनीही नातवाच्या आवडीचे एक गाणे शेवटपर्यंत ऐकले, तर कोण चांगले गायले यावर एकमत होणार नाहीच. मात्र समोरचा नेमके काय ऐकतो आहे, हे दोघांनाही कळेल.